पाण्याला चव असते

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही हे उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुम्ही नागपूरला राहता, वय ४७. सकाळी देवपूजा आणि ११ माळा जप असतो. चार वर्षांपूर्वी माहुरझरीच्या केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंत, तिथून आल्यावर जेमतेम आठवडाभर मन निवांत होतं. गेल्या वर्षी कुणीतरी सुचवलं म्हणून रोज रात्री वहीत कृतज्ञतेच्या पाच गोष्टी लिहायला लागलात. सुरुवातीला बरं वाटलं, आता हात लिहितो आणि मन कोरडंच राहतं. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. आणि शेवटी तुम्ही विचारता, "सगळं आहे तरी शांती नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का? साध्या साध्या क्षणांत समाधान असतं म्हणतात, ते मला का सापडत नाही? जप चालू ठेवू की सोडू?"

खोट नाही. हे धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. १४ वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली, त्यानंतरची २३ वर्षं घरीच ध्यानाचा वर्ग घेते आहे. तुमच्यासारखं बोलणारी कुणी ना कुणी दर आठवड्याला समोर बसलेली असते, आणि त्या सगळ्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. तिच्याकडे येतेच.

आधी वहीचं बोलू. मन कोरडं पडलं यात तुमचा दोष नाही, मात्रा चुकली. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कृतज्ञतेच्या नोंदींवरचे प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते, असे दहा आठवडे. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने तुलना करून पाहिली, तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना पडला नाही. मला याचं नवल वाटत नाही. रोज तेच ते मोजायला लागलं की मन हिशेबाला बसतं. तुम्ही वही फक्त रविवारी उघडा. पाच गोष्टी नकोत, एकच लिहा, पण ती सविस्तर: कुणी केलं, कधी केलं, ते करताना त्या माणसाला काय सोसावं लागलं. "आरोग्य, कुटुंब, घर" असं लिहू नका. "बुधवारी दुपारी वीज गेली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघे दुखत असताना दोन जिने उतरून सासूबाईंसाठी हातपंखा घेऊन आल्या" असं लिहा.

आता ती सारखी गोष्ट. शिबिरात शांती कशामुळे मिळाली, असं विचारलं की लोक मौनाचं नाव घेतात, मोबाईल जमा केल्याचं, पहाटे ४ च्या घंटेचं. ते सगळं खरंच आहे. पण आणखी एक कारण बायकांच्या बाबतीत फार मोठं असतं आणि कुणी बोलत नाही. त्या दहा दिवसांत तुम्ही स्वयंपाक केला नाही. सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, दुसऱ्याने रांधलेलं. आणि या शिबिरांना फी नसते, आधी शिबिर करून गेलेल्या साधकांच्या दानावर ती चालतात. म्हणजे तुमच्या ताटातला भात तुम्ही कधीच न पाहिलेल्या कुणीतरी तुमच्यासाठी आधीच ठेवून दिला होता. दहा दिवस तुम्ही घेत होतात, आणि घेताना तुम्हाला ते कळत होतं.

घरी आलात आणि पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत देणं सुरू झालं. चहा, डबा, सासूबाईंची औषधं, चादर बदलणं, मुलाला फोन. सतत देणाऱ्या बाईला आपणही काही घेतो याचा विसर पडतो. पाणी पितो ते ओट्याशी उभ्याने, एक डोळा गॅसवरच्या भाजीवर ठेवून. जेवतो सगळ्यांचं आटोपल्यावर, टीव्हीकडे बघत. आंघोळ करतो तीसुद्धा कुकरच्या शिट्ट्या मोजत. दिवसभरात किती तरी गोष्टी आपल्याला मिळतात, पण एकही आपल्यापर्यंत पोचत नाही. मग रात्री वहीत काय लिहिणार?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की साधा क्षण शोधायला कुठे जाऊ नका. जिथे काही घेता, तिथे घेण्याआधी थांबा. एक श्वासभर.

पाण्यापासून सुरुवात करा. पाणीच का, ते सांगते. सर्जिकल वॉर्डात असताना काटोलकडचे एक शेतकरी आजोबा होते, आतड्याचं ऑपरेशन झालेलं. तोंडाने काही द्यायचं नाही, सगळं सलाईनवर. ओठ वाळले की आम्ही ओल्या कापसाने टिपायचो. ते रोज विचारायचे, "सिस्टर, आज देता का वो?" पाचव्या दिवशी डॉक्टरांनी दोन चमचे पाण्याची परवानगी दिली. मी चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. मला वाटलं घाईघाईने गिळतील. त्यांनी पाणी तोंडात धरलं, डोळे मिटले, मग हळूच गिळलं. दुसरा चमचाही तसाच. आणि म्हणाले, "पान्याले चव असते वो सिस्टर. सत्तर वर्षं झाली, मले मालूमच नव्हतं." त्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी मी घरी आले, माठातून पाणी घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बसून, नुसतं पाणी प्यायले. मी पुढे ध्यान शिकले, शिकवलं, पण माझे पहिले गुरू ते आजोबाच.

मे महिन्याच्या नागपुरात हे शिकायला फार सोपं जातं. नवतप्याच्या उन्हातून घरात आलं की माठाचं पाणी अंगभर कळतं. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार, म्हणून आपल्याकडे मेमध्ये माठाचं पाणी दातांना लागतं आणि जुलैच्या दमट हवेत तोच माठ सुस्तावतो. आणि ते पाणी कुठून आलं हेही एकदा मनात आणून बघा. पेंच नदी छिंदवाड्याच्या बाजूने सातपुड्याचं रान उतरत येते. ज्या पाण्यावर तिकडे चितळं आणि वाघ येतात, तेच नवेगाव खैरीला अडवलं जातं आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. मधे किती माणसं उभी आहेत: मध्यरात्री व्हॉल्व्ह फिरवणारा, उन्हात फुटलेली पाईपलाईन खोदणारा, माठ घडवणारा कुंभार. हा सगळा प्रवास रोज आठवायची गरज नाही. एकदा नीट आठवला की तो ग्लासात राहतो.

करायचं असं. ग्लास भरा आणि बसा. खरंच बसा, ओट्याला टेकून नाही. दोन्ही हातांनी ग्लास धरा, हाताला गारवा लागू द्या. एक श्वास आत घ्या आणि बाहेर सोडताना आत घेतला त्याच्या दुपटीने वेळ लावा. मग एक घोट. घसा, छाती, पोट, जिथपर्यंत गारवा कळतो तिथपर्यंत त्याच्याबरोबर जा. उरलेलं पाणी नेहमीसारखं प्यायलात तरी चालेल. मिनिटभरसुद्धा लागत नाही. कुणाचे आभार मानू नका, "मी किती भाग्यवान" असं स्वतःला बजावू नका. पाणी पोचू द्या, इतकंच. पहिले पाच-सहा दिवस काहीच वाटणार नाही. त्याने खट्टू होऊ नका, जिभेला सवय नाही.

तो लांब उच्छ्वास मात्र गाळू नका. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर जाताना कमी होतात. वेगस नावाचा मज्जातंतू हे सांभाळतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आला की शरीराची तारांबळ उतरते. आणि तारांबळीत असलेल्या शरीराला कृतज्ञता कळत नाही, त्याला फक्त पुढचं काम दिसतं. तुम्ही रात्री वही घेऊन बसता तेव्हा मन दिवसभराच्या धावण्यातून उतरलेलंच नसतं, असा माझा अंदाज आहे.

यातलं काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या आज्या हे करत आल्या. अंथरुणातून उठताना आधी तळहात बघायचे, पाय टेकण्याआधी जमिनीची क्षमा मागायची, पहिल्या घासाआधी ताटाभोवती पाणी फिरवून भाताची चार शितं बाजूला काढायची. या सगळ्या रीती घेण्याच्या आधीच्या आहेत, हे लक्षात घ्या. अक्षय्य तृतीयेला विदर्भात घागर भरतात, तीही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पाणी देणं म्हणजे खरोखर काहीतरी देणं असतं. पितरांच्या नावाने भरलेल्या त्या घागरीची पूजा होते, आणि तहान काय असते ते त्या दिवशी घरातल्या लहान मुलालाही कळतं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी. माझं माहेर शेतकऱ्याचं. बाबा बैलांना धुऊन आणायचे, त्यांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, तूप आणि हळद चोळायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लहानपणी वाटायचं, बैलाला काय कळतंय. आता त्या हाताची आठवण आली की डोळे भरतात. जूं घासून घासून जिथे घट्टा पडलेला असतो, बरोबर तिथेच तो हात असायचा. वर्षभर माझं ओझं तुझ्या अंगावर कुठे पडलं ते मला माहीत आहे, असं तो हात सांगायचा. वहीत "त्या माणसाला काय सोसावं लागलं" हे लिहा म्हटलं, ते याच्यासाठी. घट्टा दिसल्याशिवाय नुसतं धन्यवाद म्हटलं की ते तोंडातल्या तोंडात राहतं.

माझ्या वर्गात बौद्ध घरांतल्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्या म्हणतात, ताई, ताटातली शितं काढणं आमचं नाही. बरोबर आहे. त्यांच्याकडे याहून जुना शब्द आहे. पालीत कृतज्ञतेला कतञ्ञुता म्हणतात. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथात जगात दुर्मीळ अशी दोन माणसं सांगितली आहेत: आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि कतञ्ञू-कतवेदी. कतञ्ञू म्हणजे केलेलं जाणणारा, कतवेदी म्हणजे ते जाणलं आहे हे दाखवणारा. तुमचं पहिलं थोडंफार होतं, दुसरं राहून जातं, त्याबद्दल पुढे बोलते. बौद्ध परंपरेत असंही सांगतात की ज्ञानप्राप्तीनंतर भगवंतांनी एक पूर्ण आठवडा, पापणी न लवता, ज्या झाडाने सावली दिली त्या बोधिवृक्षाकडे पाहण्यात घालवला. इतकं मोठं काम झालं आणि पहिल्या दिवसांत काय केलं, तर झाडाकडे पाहिलं! दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापुराहून आणलेल्या रोपाचा आहे. कधी गेलात तर स्तूपाचा फोटो काढून लगेच परतू नका, त्या झाडाखाली दहा मिनिटं बसा. ताजबागेकडे राहणारी माझी एक मैत्रीण बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय घास उचलत नाही, आणि तिच्याशेजारी जेवायला बसलं की मीही आपोआप थांबते. ज्या घरात जी रीत असेल ती घ्या. नसेल तर लांब श्वास पुरेसा आहे.

आता आईंबद्दल, म्हणजे तुमच्या सासूबाईंबद्दल. हे अवघड आहे, म्हणून सरळ बोलते. त्यांच्या आजारपणाबद्दल कृतज्ञता वाटायची काही गरज नाही. "सेवेची संधी मिळाली" असं लोक म्हणतात. म्हणणारे बहुतेक वेळा चादर बदलायला येत नाहीत. तुम्हाला थकवा येतो, कधी राग येतो, कधी मनात नको तो विचार येऊन जातो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हे सगळं मी वॉर्डात प्रेमळ लेकींच्या तोंडून ऐकलं आहे. रागावर कृतज्ञतेचं पांघरूण घालू नका, तो आत कुजतो. राग आला की म्हणा, राग आला. अंग पुसायला लागाल तेव्हा मन उदात्त करायचा प्रयत्न सोडा, फक्त हात बघा: पाण्याची ऊब, टॉवेलचा पोत, त्यांच्या मनगटाची पातळ झालेली कातडी. मनाला तेवढंच काम द्या. शांतीसाठी मनात चांगलेच विचार असावे लागतात हा मोठा गैरसमज आहे. हात जिथे आहे तिथे मन असलं, तरी पुष्कळ होतं.

आणि घ्यायला शिका. दुपारी येणाऱ्या मावशी आईंना कुशीवर वळवतात म्हणून पाठीला जखमा झाल्या नाहीत, असं तुम्हीच लिहिलं आहे. हे त्यांना कधी सांगितलंत? पगार देतो म्हणजे पोचलं, असं धरू नका. उद्या त्या आल्या की चहाचा कप हातात द्या आणि नेमकं सांगा: "मावशी, दीड वर्षात आईंच्या पाठीला एक व्रण नाही, तो तुमच्या हातामुळे." हे कतवेदी. पाच वाक्यं नकोत, एक पुरे, पण नेमकं. जाऊबाई किंवा नणंद रविवारी दोन तास बसते म्हणाली तर "नाही नाही, मी करते" म्हणू नका. मदत नाकारणाऱ्या बाईला शांती मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते तुमची अर्धी अस्वस्थता इथे आहे.

मुलाबद्दल थोडंच. त्याची खोली रिकामी आहे, त्याचं दुःख होणारच. ते दुःख म्हणजे कृतज्ञतेचा अभाव असं तुम्ही समजता, ते चूक आहे. ज्याच्या असण्याने घर भरलं होतं, त्याचं नसणं लागणारच.

फिरायला कुठे जाऊ, हेही बायका विचारतात. फुटाळ्याला जायचं तर संध्याकाळी नको, तेव्हा जत्रा असते. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला जा, कोकिळेशिवाय फारसं कुणी बोलत नाही. सेमिनरी हिल्स चांगलं. पण आईंना सोडून निघणं जमत नसेल तर जिवाला लावून घेऊ नका. दिवेलागणीला गच्चीवर किंवा खिडकीशी दोन मिनिटं उभं राहिलात आणि उजेड जाताना बघितलात तरी काम होतं. संत्र्याच्या दिवसांत एक संत्रं सोलून, फोड वेगळी करून, एकेक फोड संपेपर्यंत दुसरीला हात न लावता खाऊन बघा. आंबिया बहाराचं फळ फुलापासून तोडणीला यायला आठ-नऊ महिने घेतं, आणि आपण ते बातम्या बघत दोन मिनिटांत संपवतो.

एक गोष्ट मात्र परिचारिका म्हणून सांगणं भाग आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, आवडत्या कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ते ध्यानाने भागवायचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. साखर वाढली की गोळी घेतो, तसंच हे. माझ्या वर्गातल्या काही जणी गोळ्या घेऊनच बसायला लागल्या, आणि छान बसतात.

पहिला महिना असा काढा. पहिला आठवडा फक्त पाणी, दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. सकाळी सगळ्यांच्या चहाआधीचा ग्लास सर्वांत बरा, कारण त्या वेळी अजून कुणी हाक मारत नाही. दुसऱ्या आठवड्यात जेवणाचा पहिला घास त्यात घ्या, आणि तेवढ्यापुरता टीव्ही बंद. तिसऱ्यात मावशींना सांगायचं ते सांगून टाका. चौथ्यात नवं काही नको. विसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुप्पट करून भरपाई करायची नाही, नाहीतर हीसुद्धा एक ड्युटी होऊन बसेल.

जप सोडू नका. पण ११ माळा कमी करून एकच करा, निदान सहा महिने. आता तुम्ही माळ संपवण्यासाठी जप करता, हे तुमच्या "कशाबशा उरकते" या शब्दांवरून दिसतं. एका माळेत १०८ मणी. प्रत्येक मण्याला बोट लागलं की नाव घ्यायच्या आधी क्षणभर थांबा. नाव आपण घेतो म्हणतो ना, तेही घेणंच आहे. पंधरा-वीस मिनिटं लागतील. माळ झाली की लगेच उठू नका, डोळे मिटून तशाच बसा, स्वयंपाकघरातले आवाज येऊ देत. आणि तेवढ्यात आईंनी हाक मारली तर माळ ठेवून जा, परत आल्यावर त्याच मण्यापासून धरा.